ट्युबलेसमधलं सीलंट आठ महिन्यांत आटलं, आता परत ट्यूब टाकू का?

चढावर_चालणारा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय आणि ते पण रडगाणं, सांभाळून घ्या.

गेल्या जुलैत ग्रॅव्हल सायकल (कच्च्या रस्त्यावरही चालणारी) घेतली, ७०० बाय ४० चे, म्हणजे ४० मिलिमीटर रुंद, ट्युबलेस टायर, आत ट्यूबच नाही. दुकानदाराने चाकात पांढरं काहीतरी (सीलंट, भोकं बुजवणारं लिक्विड) ओतलं आणि म्हणाला आता पंक्चर विसरा साहेब. मी आज्ञाधारक माणूस, विसरलो. आठ महिने खरंच एकही पंक्चर नाही, ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलो होतो की ट्यूब म्हणजे आजोबांच्या काळातली गोष्ट वगैरे.

परवा रविवारी गाडी लोणंदला लावली, तिथून फलटण आणि पुढे मोगराळे घाटाने दहिवडी असा बेत होता. फलटणला मिसळ हाणली आणि हौस म्हणून कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता धरला. अर्ध्या तासात पुढचं चाक लिबलिबीत. हवा भरली, फुस्स. परत भरली, परत फुस्स. मग टायर उघडलं तर आत थेंब नाही! दुधावरची साय वाळल्यावर होते तसला पापुद्रा सगळीकडे आणि एक रबराचा गोळा, लिंबाएवढा, इकडून तिकडे घरंगळतोय. बरं, जवळ एक स्पेअर ट्यूब होती (दुकानदाराने नको म्हटलं तरी घेतलेली), ती टाकली, निघालो, दोन किलोमीटरवर परत बसली. ठिगळ मारलं. पाचशे मीटर. परत ठिगळ. मग ठिगळं संपली, पाणी संपलं, शेवटी डाळिंबाची क्रेटं घेऊन चाललेल्या छोटा हत्तीवाल्याने लोणंदपर्यंत सोडलं, पैसे घेतले नाहीत, वर दोन डाळिंबं दिली.

तर प्रश्न असा, की सीलंट बोगस होतं का? आणि हा सगळा उपद्व्याप सोडून सरळ परत ट्यूबवर जाऊ का?

ट्यूबवाला

जा. डोळे मिटून जा. वीस वर्षं ट्यूबवर सायकल चालवतोय, पंक्चर झालं की आठ मिनिटांत चाक परत रस्त्यावर. हे ट्युबलेसवाले पंक्चर होत नाही म्हणतात आणि दर दोन महिन्यांनी बाथरूममध्ये इंजेक्शन घेऊन बसलेले असतात. पंक्चर वर्षातून चार वेळा काढायचं की सीलंट वर्षातून सहा वेळा भरायचं, हिशोब तुम्हीच करा.

माणदेशी

फलटण, कालव्याची कड, मार्च महिना. सराटे हो साहेब, सराटे! दुसरं काही नाही. आमच्याकडे शेरडं राखणाऱ्या पोराला विचारा, तो पण सांगेल.

पावसाळ्यात जमिनीलगत पसरलेला वेल दिसतो, बारीक पिवळी फुलं, दिसायला गरीब. त्याचं फळ वाळलं की पाच तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याला दोन दांडगे काटे, आणि कसाही पडला तरी एक काटा आभाळाकडे बघत असतो. चपलेतून आरपार जातो तर तुमच्या टायरचं काय घेऊन बसलात.

आता एक सांगा, ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून हात फिरवला होता का? काटे उपसले होते का?

चढावर_चालणारा

नाही. ☹️ काटे उपसायचे असतात हे डोक्यातच नाही आलं. टायर बाहेरून ठीक दिसत होतं.

थांबा, बघून येतो.

चढावर_चालणारा

बघून आलो. पुढच्या टायरमध्ये १४, मागच्यात ९. बाहेरून डोकं तुटून गेलंय, नुसता काळा ठिपका दिसतो, आतून मात्र दोन-दोन मिलिमीटर टोक वर आलेलं. एक बोटात घुसलं, आता आयोडीन लावून टाइप करतोय. म्हणजे एवढ्या काट्यांवर मी नवीकोरी ट्यूब अंथरली होती तर.

माणदेशी

अंथरली नाही, भीष्माला झोपवलं तसं झोपवलंत ट्यूबला.

अनघा२८

आता खरी गंमत लक्षात आली का? त्या २३ काट्यांमधले बरेचसे परवाचे नाहीतच. गेल्या आठ महिन्यांत कधी ना कधी घुसले, सीलंट ओलं होतं तोवर प्रत्येक भोक तिथल्या तिथे बुजत गेलं, तुम्हाला कळलंही नाही. म्हणजे तुमचं सीलंट बोगस नव्हतं, ते काम करता करता संपलं. परवा जे नवीन दोन-चार घुसले त्यांच्यासाठी आत काही शिल्लकच नव्हतं.

मी गेली सहा वर्षं ट्युबलेसवर आहे, त्यातली चार वर्षं बीआरएम (लांब पल्ल्याच्या, ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या राइड) करण्यात गेली, त्यामुळे चुका करून झालेल्या आहेत. सीलंटमधलं पाणी टायरमधूनही हळूहळू उडून जातं, ऊन जास्त तसं लवकर. पुण्यात मला पावसाळा-हिवाळ्यात चार-साडेचार महिने आरामात मिळतात पण मार्च लागला की दर सहा-आठ आठवड्यांनी बघावं लागतं, आणि माझा भाऊ नागपूरला आहे त्याचं तर मे महिन्यात एका महिन्यात खडखडीत होतं कारण तो सायकल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवतो (सांगून दमले). तुम्ही जुलैत भरलेलं मार्चपर्यंत चालवलंत म्हणजे तसे नशीबवानच.

आत आहे की नाही बघायला टायर उघडायला लागत नाही. बाजारात नारळ घेताना कानाशी धरून हलवतो ना, तसंच चाक काढून कानाशी हलवा, खळखळ ऐकू आली तर आहे. खात्री करायची तर हवा सोडा, व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा होणारा भाग) काढा, व्हॉल्व्ह खाली येईल असं चाक धरा आणि प्लास्टिकचा झिपटाय आत घालून बघा, गाडीचं ऑइल बघतो तसं. ओला आला तर ठीक, कोरडा आला तर भरा. तुमच्या ४० च्या टायरला ७० ते ९० मिली पुरतं, माझ्या २८ ला ४५ टाकते, एमटीबीच्या (माउंटन बाइकच्या) जाड २९ इंचीला १०० ते १२०. दुकानवाले बरेचदा हात आखडता घेतात, तेही विचारून घ्या.

आणि ट्यूबवाला काका, टॉपअप करायला मला एका चाकाला चार मिनिटं लागतात, बाथरूममध्ये नाही, गॅलरीत.

ट्यूबवाला

काका कोण? मी ४३ चा आहे.

अनघा२८

बरं, दादा.

बांद्याचो_झील

ह्या चर्चेत आमचा पण हात धुवून घेतो, कारण तुम्ही ज्याला सीलंट सीलंट म्हणताय तो मूळचा चीक हो, रबराच्या झाडाचा. आमचा बाग दोडामार्गाकडे आहे, केरळची माणसं तिकडे आली आणि रबर लावत गेली, त्यांचं बघून आमच्या बाबांनी पण काजू काढून लावला (आई अजून बोलते त्यावरून). पहाटे उठून सालीवर तिरपी चीर मारायची, खाली वाटी बांधलेली असते, थेंब थेंब चीक जमतो. ऊन चढलं की धार थांबते.

आता बघा, तो चीक तसाच ठेवला तर काही तासांत घट्ट व्हायला लागतो. पातळच ठेवायचा असेल तर त्यात अमोनिया घालतात. तुमच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर नाकात जो भपकारा जातो ना, तोच. आणि रबराचं शीट करायचं असेल तर उलट, फॉर्मिक ॲसिड घालतात, की दह्यासारखा लागतो. म्हणजे अमोनियाने पातळ, आंबटाने घट्ट.

भोकातून हवा जोरात सुटते तेव्हा चीक तिच्याबरोबर ओढला जातो, त्यात कंपनीवाल्यांनी रबराचा बारीक चुरा नाहीतर तसलंच काही घातलेलं असतं, तो चुरा भोकात अडकतो आणि चीक त्याच्याभोवती लागतो. गोठ्याच्या कुडाला भोक पडलं की नुसत्या शेणाने बुजत नाही, गवताची काडी लागते, तसंच.

म्हणून ते गॅसचे छोटे सिलिंडर मिळतात हवा भरायला, सीओटूचे, ते शक्यतो नको. एक तर तो गॅस बर्फासारखा गार सुटतो आणि पाण्यात मिसळला की आंबट होतो, दोन्हीने चीक आतल्या आत गोळा होऊ शकतो. अडचणीला वापरा, पण घरी आलात की सीलंट बघा. तुमचा तो लिंबाएवढा गोळा बघून मला आमच्या वाटीच्या तळाला उरतो तो आठवला.

चढावर_चालणारा

हे वाचून फारच भारी वाटलं. आणि हो, गेल्या महिन्यात ताम्हिणीत मित्राने कौतुकाने सीओटू मारून दिला होता माझ्या पुढच्याच चाकात. 🤦

फिनिक्सवासी

माणदेशींची पोस्ट वाचून हसू पण आलं आणि पायात कळ पण गेली. मी मूळचा बार्शीचा, आता अकरा वर्षं ॲरिझोनात. इथे ह्यालाच गोटहेड म्हणतात, बोकडाचं डोकं, दोन शिंगं असलेलं. मला वाटलं होतं इथलं काही वेगळं असेल, पहिल्या उन्हाळ्यात अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये पाहिलं तर आपला बार्शीचा सराटाच समोर, पासपोर्टशिवाय आलेला. वनस्पतीही तीच. इतका पसरला की १९६१ मध्ये सरकारने मुद्दाम दोन जातींचे सोंडकिडे, म्हणजे तांदळात होतात त्यांच्या चुलतभावकीतले, आणून सोडले त्याची बी आणि खोड खायला. किडे आहेत, सराटे पण आहेत, आणि पंक्चर पण आहेत.

इथे सीलंट न घालता कोणी कच्च्या वाटेवर जात नाही. पण उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मी सायकल घरात, एसीत ठेवतो. बायको म्हणते माझ्या आईला बाहेरच्या खोलीत झोपवलंस आणि सायकल हॉलमध्ये.

ट्यूबवाला

कच्च्या रस्त्यासाठी मान्य. पण रोडबाइकचं सांगा ना. आमच्या ग्रुपमधल्या एकाने २५ च्या टायरमध्ये ९० पीएसआय भरून हा चीक चालवला. खंबाटकी उतरताना मागच्या चाकात काहीतरी घुसलं, भोक बुजायचं नाव नाही, आणि पांढरा फवारा थेट त्याच्या पाठीवर, आणि त्याच्या मागे मी होतो, माझ्या चष्म्यावर. बोगद्यापाशी थांबलो तेव्हा दोघं भिंत रंगवून आल्यासारखे दिसत होतो. शेवटी काय टाकलं? ट्यूब. कोणाची? माझी.

अनघा२८

हे मात्र तुमचं बरोबर आहे, त्यात वाद नाही. प्रेशर जितकं जास्त तितका चीक भोकात थांबायच्या आधीच बाहेर फेकला जातो. साठ-सत्तरच्या वर गेलं की भरवसा कमी होत जातो. म्हणून तर ट्युबलेसचं मूळ एमटीबीत आहे. १९९९ ला माविक कंपनीने यूएसटी ही ट्युबलेस टायर-रिमची पद्धत आणली, ते घट्ट बसायचं पण टायर जड, मग २००१ पासून स्टॅन्स नोट्यूब्सवाल्यांनी साध्या रिमला टेप आणि टायरमध्ये हे लॅटेक्स, म्हणजे चीक, असा जुगाड विकायला सुरुवात केली आणि तो जुगाडच पुढे नियम झाला. रोडवर वापरायचं तर टायर रुंद घ्या, २८-३०, आणि प्रेशर कमी ठेवा. रिम हुकलेस असेल (कडेला टायर अडकवणारा हूक नसेल) तर तसंही ५ बारच्या म्हणजे साधारण ७२ पीएसआयच्या वर जायचंच नाही, मग आतून सीलंट असो नाहीतर गंगाजल. २५ आणि ९० वाल्याने ट्यूबच वापरावी, ह्यावर माझी आणि दादांची युती.

सौ_सायकल

एक राहिलंच. हायवेवाल्यांचा खरा शत्रू सराटा नाही, तार. ट्रकचे टायर फुटून कडेला चिंध्या पडलेल्या असतात ना, त्यातल्या केसासारख्या बारीक स्टीलच्या तारा. सोलापूर रोडला मला एकदा तीन दिवस कळेना की सीलंट ताजं, टायर नवं, तरी रोज सकाळी चाक अर्धं का उतरतं. टेबलावर चाक ठेवून साबणाचं पाणी लावलं तर एकाच ठिकाणी बारीक बारीक बुडबुडे. तार तिथेच बसलेली, चाक फिरलं की हलायची आणि वाळलेलं बूच उचकटायचं. भुवया कोरायच्या चिमट्याने ओढून काढली, दीड सेंटिमीटरची असेल, दहा सेकंद फुसफुसलं आणि बंद, पुढे दोन महिने काही नाही.

काटा रस्त्यात दिसला तर उपसायचा की ठेवायचा ह्यावर इथे भांडणं झालेली आहेत, मी उपसते. पण उपसून लगेच भोक खाली करून चाक धरायचं, म्हणजे पातळ सगळं तिथे येतं. वर करून बघत बसलात तर हवा जाते आणि चीक तळाशी आराम करतो.

मोठं भोक असेल, काच वगैरे, चार-पाच मिलिमीटरच्या वर, तर सीलंटच्या जिवावर राहू नका, मोटारसायकलला पंक्चरवाले घालतात तसली पण बारीक स्ट्रिप मिळते सायकलसाठी, ती टोचून घाला.

नवा_भिडू

बाइकच्या दुकानात हिरवं लिक्विड मिळतं स्वस्तात, स्कूटरसाठीचं. ते चालेल का सायकलला? ते म्हणे वाळतच नाही.

अनघा२८

ती बरीचशी ग्लायकॉलची असतात, आत धागे असतात, म्हणून वाळत नाहीत. पण ती भोकात बूच मारतात, चिकासारखी पातळ साय धरत नाहीत. सायकलच्या टायरची बाजू इतकी पातळ असते की तिच्यातून आणि टायरच्या कडेतून हवा झिरपते, ती साय नसेल तर रोज हवा भरत बसाल. शिवाय जड. ट्यूबवाल्या सिटी सायकलमध्ये घालायला ठीक आहे. आणि दोन प्रकारची एकत्र कधीच करू नका, एकीने केलं होतं, आत पनीर झालं.

बांद्याचो_झील

पनीर नाय, शीट.

चढावर_चालणारा

अपडेट देतो, लांबलंय, चहा घेऊन बसा.

शनिवारी दुपारी सगळं मांडलं. आधी २३ काटे पकडीने उपसले, प्रत्येक ठिकाणी बोट उलटं-सुलटं फिरवून खात्री केली, बोट न कापता कापसाचा बोळा फिरवायची युक्ती आमच्या आईची, कापूस जिथे अडकतो तिथे काटा. जुना पापुद्रा सोलून काढला, हे काम विचित्र समाधान देतं, उन्हाळ्यात पाठीची साल काढल्यासारखं. रिमची टेप एका ठिकाणी व्हॉल्व्हपाशी उचलली होती, म्हणून तीही बदलली, आतली रुंदी २३ आहे म्हणून २५ ची टेप, आधी स्पिरिटने पुसून मग ताणून ताणून लावली.

टायर चढवलं, साबणाचं पाणी लावलं आणि घरच्या उभ्या पंपाने मारायला सुरुवात केली. दोनशे वेळा मारला असेल. एकीकडून भरतोय दुसरीकडून जातेय. बायको म्हणाली जिमचे पैसे वाचले. शेवटी चाक उचललं, पितळी अडॅप्टर (सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला कॉम्प्रेसरची नळी लावायचा) घेतला आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या मामांकडे गेलो. मामांनी आधी व्हॉल्व्हकडे बघून हे काय इंजेक्शनची सुई आणलीत का विचारलं, मग अडॅप्टर लावून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि टक्... टक्... टडाक् करत टायर रिमवर बसलं. तिसऱ्या आवाजाला मी मागे सरकलो, मामा हलले पण नाहीत. रिमवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत थांबवा एवढं मात्र ओरडून सांगावं लागलं, त्यांचा हात ट्रॅक्टरच्या टायरचा आहे.

घरी येऊन कोअर काढला, टायर जागेवर बसलेलंच राहिलं, आणि सिरिंजने ८० मिली आत. ही सिरिंज आमच्या बाळाच्या औषधाची नाही हे मी तीनदा सांगितलंय, तरी संशय आहेच. मग चाक आडवं धरून दोन्ही बाजूंनी डोसा पसरतो तसं फिरवलं. आधी बाजूच्या भिंतींवर पांढरे घामाचे थेंब आले, पाच-दहा मिनिटांत थांबले. ४२ पीएसआय ठेवलंय, माझं वजन ७४. रात्री १० ला भरलं, सकाळी ४०.

रविवारी मुद्दाम परत त्याच कालव्यावर गेलो. माणदेशी, तुमच्या गावचे सराटे खरंच प्रामाणिक आहेत, पहिल्या पाच किलोमीटरमध्ये हजेरी लावली. दोन वेळा फिस्स आवाज आला, चाकाच्या दोन-तीन फेऱ्या होईपर्यंत पांढरे शिंतोडे डाउनट्यूबवर (फ्रेमच्या खालच्या दांडीवर), आणि गप्प. मोगराळे घाट चढलो (थोडा चाललो, नावाला जागलो), दहिवडीला चहा घेतला आणि त्याच चाकांवर परत लोणंद. पिशवीत ट्यूब, पकड, स्ट्रिप, दोन ठिगळं, सगळं होतं, काही काढावं लागलं नाही.

ट्यूबवाला

ट्यूब घेऊन गेला होतात ना? मग जिंकलो मी.

माणदेशी

दहिवडीला आला होतात तर सांगायचं तरी, घर रस्त्यालाच आहे. पुढच्या वेळी ज्वारीचा हुरडा नसला तरी भाकरी आहे.

चढावर_चालणारा

नक्की येतो हो. आता शेवटचा प्रश्न, ह्यावर घरातली शांतता अवलंबून आहे. सिरिंज भरताना वाटी लवंडली, हॉलच्या फरशीवर ताटाएवढा पांढरा डाग आहे. ओल्या फडक्याने पुसायला गेलो तर पसरला. कशाने जाईल?

बांद्याचो_झील

हात लावू नको. वाळू दे. उद्या सकाळी कडेला नखाने उचल आणि सोलून काढ, अख्खा निघेल. फडकं मात्र गेलं ते गेलं.

चढावर_चालणारा

फडकं नव्हतं. तिचा योगाचा टॉवेल होता.